सात गैरहजर, एक अध्यक्ष

४ ऑक्टोबर

अलेप्पोच्या प्रतिनिधीचंही येणं रद्द! यायचं नाही असं नाही बिचाऱ्याला, यायला मिळतच नाही. व्हिसा नाकारला. म्हणजे सात झाले. एकोणीस देशांचे एकोणीस प्रतिनिधी, त्यातले सात घरीच बसणार, आणि सभा या महिनाअखेर, इथं अम्मानला.

अबू निमर गच्चीवर कबुतरांच्या ढाबळीत होते. खालूनच ओरडून सांगितलं. वरून उत्तर आलं, "ज्याला मत द्यायचंय त्यानं यावं! लग्नाला बोलावलं तर काय फोनवरून जेवतो का आपण?"

"अहो, त्यांची विमानं उडत नाहीत!"

"माझी कबुतरं उडतात."

झालं अध्यक्षांचं भाषण! अठरा वर्षं आमचे हे कबुतरपाळांच्या जागतिक महासंघाचे अध्यक्ष आहेत, आणि अठरा वर्षं महासंघाची कचेरी म्हणजे माझा दिवाणखाना. सचिव म्हणून नावं येतात आणि जातात. फोन, पत्रं, कॉफी आणि सोफ्यावरची पिसं मात्र माझ्याकडे. लोक विचारतात, उम्म निमर, तुम्ही कबुतरं पाळता का? मी सांगते, छे! मी कबुतरवाला पाळते.

५ ऑक्टोबर

सनाहून मुतह्हरचा फोन. येमेनचा प्रतिनिधी. आवाज येतो, जातो, परत येतो.

"ताई, सलग तिसऱ्या सभेत माझं मत पडलं नाही तर येमेनचं नाव कटतं. खरं ना?"

खरं. नियमच आहे तो. दोन सभा आधीच गेल्या त्याच्या. बापाच्या काळापासून सभासद आहे हा माणूस. महासंघाचं पदक भिंतीवर लावलंय, मला एकदा फोन फिरवून दाखवलं होतं.

"मुखत्यारपत्र पाठवतो," म्हणाला. "माझ्या वतीनं कुणीतरी मत टाका."

"साक्षीदार मिळाला?"

तिथंच तर घोडं अडतं! कबुतरवाल्याची साक्ष कोर्टात चालत नाही हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. शेजाऱ्याचं कबूतर धरून आणायचं आणि देवाशपथ माझंच म्हणायचं, अशा माणसाच्या शपथेला कोण विचारतो? पण आमच्या संस्थापकांचं डोकं बघा. सगळे स्वतः कबुतरवाले, आणि नियम काय लिहून गेले? मुखत्यारपत्रावर साक्षीदार कबुतरं न पाळणाराच हवा! मुतह्हरच्या गल्लीत भाऊ पाळतो, मेव्हणा पाळतो, न्हावी पाळतो, मशिदीत बांग देणारासुद्धा पाळतो.

मागच्या खेपेला त्याला एक वाणी सापडला होता. सही केली बिचाऱ्यानं. तर मुतह्हरनं खूश होऊन काय करावं? त्याला गिरेबाज कबुतरांची जोडी भेट दिली! कागद अम्मानला पोचेपर्यंत साक्षीदार कबुतरवाला झालेला. अबू निमरनी कागद बाद केला. मी तेव्हा हसले होते. आज हसू आलं नाही.

८ ऑक्टोबर

ट्यूनिसहून डॉक्टर लसादचा फोन. गुरांचा डॉक्टर, गोड बोलतो, यंदा ह्यांच्याविरुद्ध अध्यक्षपदाला उभा आहे. त्याचं म्हणणं साधं: गैरहजरांना फोनवरून गुप्त मत देऊ द्या. अध्यक्षांनी सभेआधी सही केली की पुरे.

ह्यांनी फोन हातात घेतला आणि अर्धा तास भांडले. ठेवला तो आपटूनच.

"गोड बोलून केसानं गळा कापतोय!" मला म्हणाले. "ते सातही जण त्याचे आहेत. फोनवरून मत पडलं की माझी खुर्ची गेलीच."

"आणि मुतह्हर? त्याचं नाव कटू देणार?"

"मुतह्हर माझा भाऊ आहे."

"मग?"

"मग काय! भाऊ आहे म्हणून खुर्ची द्यायची?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले. भांडी जरा जोरातच घासली.

९ ऑक्टोबर

अलेप्पोचं मुखत्यारपत्र आलं. साक्षीदार बरोबर, शिक्का बरोबर, अबू निमरांच्या नावे. हे खूश! तासाभरात दुसरं आलं. त्याच माणसाचं, त्याच तारखेचं, लसादच्या नावे!

फोन केला. "काय हो, दोघांना?"

"ताई, दोघांनीही मागितलं. तोंडावर नाही कसं म्हणू?"

संध्याकाळपर्यंत खार्तूमनं तेच केलं. हवानानंसुद्धा! इतक्या लांबच्या माणसाला इतकी भीड कुठून आली, आमच्यात राहून बिघडला असणार. भीड भिकेची बहीण म्हणतात ते उगाच नाही. दोन्ही बाजूंचे कागद एकमेकांना खातात, म्हणजे सगळे बाद.

रीमाला सांगितलं. माझी धाकटी, कंप्यूटरच्या कंपनीत आहे. ती म्हणाली, "आई, म्हणूनच गुप्त मत हवं. तोंडावर नाही म्हणता येत नसेल तर तोंडच समोर नको."

कार्टी शहाणी आहे. बापावर गेली नाही.

१२ ऑक्टोबर

बाजारात हिरवे जैतून आले. लोणच्यासाठी ठेचायला काढलेत. हात काळे, कंबर गेली.

१४ ऑक्टोबर

पडले! ढाबळीच्या शिडीवरून गच्चीवर पडले! शेजारच्या अबू हम्दानचं पांढरं कबूतर आमच्या थव्यात उतरलं, आणि ही स्वारी सत्तराव्या वर्षी जाळं घेऊन शिडीवर. मी आवाज ऐकून चार चार पायऱ्या चढत गेले. माझा जीव कसा गेला नाही तेच कळत नाही.

उताणे पडलेले, डावा पाय भलतीकडे वळलेला, तोंड पांढरंफटक. आणि मला म्हणतात काय?

"धरलं!"

पांढरं कबूतर हातात! पडला तरी नाक वर म्हणतात, इथं नाकाबरोबर कबूतरही वर होतं. मी रडत होते आणि शिव्या घालत होते, दोन्ही एकदम.

पाय मोडलाय. प्लास्टर मांडीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हलायचं नाही. आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

चौघांनी झोळी करून कसंबसं वर आणलं आणि 'पुन्हा नाही!' म्हणत पळाले. पलंगावर टेकवलं तेव्हा मला सुचलं. म्हटलं, "अभिनंदन. तुम्ही आठवे गैरहजर."

असं बघितलं माझ्याकडे!

१५ ऑक्टोबर

सकाळपासून एकच. "मला खुर्चीसकट उचलून न्या."

"बाबा, जिना अरुंद आहे," रीमा म्हणाली. "आपलं कपाट आठवतंय? क्रेननं गॅलरीतून घ्यावं लागलं."

"मग मलाही क्रेननं उतरवा!"

"तुम्ही मुखत्यारपत्र करा की," मी म्हटलं. "साक्षीदार घरातच आहे. साऱ्या महासंघात कबूतर न पाळणारी मी एकटीच!"

विचारात पडले. कुणाच्या नावे करायचं? एकेक नाव घ्यायचे आणि खोडायचे. याचं कबूतर मी धरलं होतं. त्यानं माझं धरलं होतं. तो अबू हम्दानचा साडू. शेवटी भिंतीकडे तोंड करून पडले. हसू दाबता दाबता मला ठसका लागला. पण थोडी दयाही आली. खोटं का बोलू.

१७ ऑक्टोबर

आजचा दिवस लिहून ठेवलाच पाहिजे.

मुतह्हरनं निरोप पाठवला, अबू निमरांची तब्येत विचारायला यायचंय. म्हणजे पडद्यावर. रीमानं लॅपटॉप पलंगासमोरच्या स्टुलावर ठेवला. मुतह्हर दिसला, नवी शाल, तलम साफा, मागे ते पदक. पाहुण्यासारखा सजून बसलेला! सलाम-दुवा झाली. मी कॉफी ओतत होते. ह्यांना दिली, रीमाला दिली, आणि हात आपोआप पुढे गेला. एक कप लॅपटॉपपुढे ठेवला गेला. सवय!

मुतह्हरनं बघितलं. "ताई, ही माझी?"

"तुमचीच," म्हटलं. काय बोलणार!

तो सावरून बसला. शाल नीट केली. आवाज बदलला.

"अबू निमर, मी तुमच्या घरी पाहुणा आलोय. माझं एक मागणं आहे. ते पुरं होईपर्यंत मी ही कॉफी पिणार नाही."

रीमा फिस्सकन हसली. हे हसले नाहीत. मीही नाही. असा भरला कप समोर ठेवून आमच्याकडे मुली मागितल्या जातात, खून माफ होतात. यजमानानं "कॉफी घ्या" म्हटलं की काम झालं. आणि पाहुणा कप तसाच ठेवून उठून गेला तर सात पिढ्यांची अब्रू गेली. ह्यांच्या वडिलांनी एका अशा कपापायी विहिरीवरचा हक्क सोडला होता.

"तू इथं नाहीस!" हे म्हणाले. "तू सनात आहेस!"

"मग आत्ता बोलताय कुणाशी?"

"ते... ते चित्र आहे!"

"चित्राला सलाम केलात? चित्राच्या बायकोची खुशाली विचारलीत?"

"मुतह्हर, हा फसवाफसवीचा खेळ आहे."

"मी इथं नसेन तर प्रश्नच मिटला, भाऊ. ताईंना सांगा, कप उचलतील."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी पंख्याकडे. पाहुण्यापुढचा भरला कप मी उचलू? माझ्या आईनं मला असं वाढवलेलं नाही.

एवढ्यात पडदा काळा. त्यांच्याकडची वीज गेली असणार.

"गेला," हे म्हणाले. "उचल तो कप."

"तुम्हीच उचला. तुमचा हात पोचतो."

नाही उचलला! दुपारचं जेवण झालं, मटणाचा मकलूबा भात केला होता, आवडीचा, दोन घास खाल्ले. कप समोर. वर्तमानपत्र घेतलं, उलटं धरलं. कप समोर. वरच्या मजल्यावरची उम्म रिदा साखर मागायला आली, तिनं विचारलं, "अगबाई, कुणाची कॉफी राहिली?" मी म्हटलं, "पाहुण्याची. मागणं घेऊन आलेत." ती घाईघाईनं निघून गेली, साखर न घेताच. ह्यांचे कान लाल.

चार वाजता पडदा परत उजळला. मुतह्हर तसाच ताठ बसलेला.

"कॉफी आहे ना, भाऊ?"

हे बराच वेळ प्लास्टरवर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "वीस वर्षांची मैत्री आपली, आणि तू मला एका कपात बुडवतोस."

"बुडवत नाही. आत घ्या म्हणतोय."

मी ओढणीनं डोळे पुसले. आणि मग हे ओरडलेच, "पी बाबा, पी! घे तुझी कॉफी! फोनवरून मत. सातांनाही. झालं समाधान?"

मुतह्हरनं छातीवर हात ठेवला. रीमानं टाळ्या वाजवल्या. आणि मग सगळे थबकलो. कॉफी प्यायची कुणी? मान्य झालेला कप रिकामा झालाच पाहिजे, नाहीतर शब्द पक्का नाही!

मुतह्हर म्हणाला, "ताई, माझ्या मुखत्यार तुम्ही. नाहीतरी कबुतरं पाळत नाही."

प्यायले. सकाळची कॉफी, थंडगार, जहर कडू. एका घोटात संपवली आणि कप उपडा करून दाखवला. येमेनतर्फे!

१८ ऑक्टोबर

सही केली. शब्द दिला की पाळतात, तेवढं आहे. दिवसभर कुरकुर: "माझ्याच हातानं माझी खुर्ची दिली."

२३ ऑक्टोबर

घरात जत्रा! सभेच्या हॉलमध्ये येणारे अकराही जण पोचले, आणि मोडका पाय बघायला रोज चार मजले चढून येतात. लसादही आला. धापा टाकत, हातात हरीसाचा, त्यांच्याकडच्या तिखट चटणीचा, डबा. ह्यांनी कॉफी पुढे करताच संशयानं बघितलं, तर त्यानं एका दमात कप रिकामा केला. "माझं काही मागणं नाही, अबू निमर. फक्त लवकर बरे व्हा." ह्यांना राग यायलाही जागा उरली नाही!

बाकीच्यांचं काय सांगू. कपाळाचं चुंबन, गळामिठी, माझ्या मटणभातावर, मनसफवर ताव, आणि निघताना ह्यांच्या कानात, "मत तुम्हालाच." माल्टाचा तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. एकेक जण गेला की हे एकेक बोट दुमडून मोजतात.

"हॉलमधले लसाद सोडून दहा माझे," आज म्हणाले. "गैरहजर सात त्याचे, तो स्वतः आठवा. आणि मी अकरावा. वाचलो, उम्म निमर!"

मी मनसफचं पातेलं घासत होते. म्हटलं, वाचलात तर पुढची पातेली तुम्ही घासा.

२६ ऑक्टोबर, सकाळी

सभा. निळा झगा इस्त्री केलाय. ह्यांच्या उशाशी फोन, पाणी, औषध. रीमानं सगळं समजावलं: दोन नावं दिसतील, एकावर बोट ठेवायचं, बस्स. कुणी काय दाबलं ते तिलासुद्धा कळत नाही. खोलीचं दार लावून घ्या म्हणाले. लावलं.

२६ ऑक्टोबर, संध्याकाळी

क्रमानं लिहिते.

हॉलमध्ये अकरा जण, भिंतीवर मोठा पडदा, त्यावर सात चेहरे. हवानाकडे पहाट, तो पायजम्यातच. मुतह्हर शाल पांघरून. आधी हॉलमधल्या पेटीतल्या चिठ्ठ्या मोजल्या. मी स्वतः वाचल्या.

लसाद आठ. अबू निमर तीन.

तीन! समोर बघितलं तर सगळे कनाफ्याच्या मिठाईच्या बशीत तोंड घालून बसलेले. माझ्या हातचं खाऊन, ह्यांचं कपाळ चुंबून, लसाद सोडला तरी सातांनी तिकडे टाकलं! माल्टावाल्यानं तर हातरुमाल काढला, यावेळी घाम पुसायला. लसाद एकटा मान खाली घालून बसला होता, त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं.

माझ्या मनात एकच, घरी जाऊन ह्यांना सांगू कशी.

मग रीमानं फोनची मतं पडद्यावर लावली. आठ होती, ह्यांचं धरून.

अबू निमर सात. लसाद एक.

मला कळेचना. रीमानं ओरडून बेरीज सांगितली: दहा विरुद्ध नऊ! आई, बाबा निवडून आले! पडद्यावर गोंधळ, खार्तूम काहीतरी ओरडतोय आणि आवाज बंद, हवाना पायजम्यात नाचतोय. ज्यांना हे अठरा वर्षं दाराबाहेर ठेवत होते, त्यांनी तारलं!

मुतह्हरला विचारलं, का हो? लसादनं तुमच्यासाठी एवढं केलं.

"लसाद भला माणूस आहे, ताई. पण दर ईदला, प्रत्येक आजारपणात, प्रत्येक बाळाच्या जन्माला सलाम कोणाचा येतो? अबू निमरांचा."

बाई गं! ते सलाम मी पाठवलेले! 'अबू निमर तुमची आठवण काढतात' हे मी इतक्या वर्षांत इतक्या जणांना इतक्यांदा सांगितलंय, आणि ह्यांनी आठवण काढली असेल तर फक्त कबुतरांची! पण ते सांगायची ती वेळ होती का?

ह्यांना फोनवर सांगितलं. पहिला प्रश्न, "हॉलमधले तीनच?"

"तीनच."

"आणि बाहेरचे सात."

"तुमचं धरून सात. एक लसादला गेलं."

"बरं," म्हणाले. एवढंच. मला वाटलं होतं आनंदानं ओरडतील.

परत येताना टॅक्सीत आमची पैज लागली, फुटलेलं ते एक मत कुणाचं. रीमा म्हणते हवाना. माझा संशय खार्तूमवर. घरात शिरल्या शिरल्या मी त्याच्या नावानं बोटं मोडायला लागले, हे नुसते ऐकत होते.

२७ ऑक्टोबर

राहिलेले जैतून ठेचत ह्यांच्याजवळ बसले होते. एकदम म्हणाले, "खार्तूमला शिव्या घालू नकोस. ते मत माझं."

माझ्या हातातला दगड तसाच वर राहिला.

"दार लावलेलं होतं. समोर कुणी नव्हतं," म्हणाले. "खुर्ची नको, हे कुणाच्या तोंडावर कधी म्हणता आलं नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदा मला जे हवं होतं तेच दाबलं."